ताकद एकट्याची, झीज जोडीची

मुळशीतल्या पिरंगुट, उरवडे, कासार आंबोलीच्या बाजूला प्लॅस्टिकचे सुटे भाग काढणारी एखादी शेड डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाईक खिशातून झिजलेला नायलॉनचा बुश काढून टेबलावर ठेवतं. "साहेब, सहा महिनेही टिकला नाही." समोरून उत्तर तयार असतं, "पुढच्या लॉटला तीस टक्के ग्लास घालून देतो."

कधी हा उपाय लागू पडतो. कधी नवा बुश टिकतो, पण त्यात फिरणारा शाफ्ट खरवडून निघतो. आणि कधी काच घातलेला बुश साध्या बुशापेक्षाही लवकर जातो. याचं कारण सरळ आहे. ताकद हा त्या भागाचा स्वतःचा गुण असतो. झीज मात्र दोघांच्या संगतीवर ठरते. बुश कशावर घासतो, किती भाराने, किती वेगाने, मधे काय शिरतं आणि भोवती किती ओल आहे, हे कळल्याशिवाय फिलर, म्हणजे प्लॅस्टिकमध्ये घालायचं भरण, निवडणं म्हणजे रोगी न पाहता औषध देणं. म्हणून या लेखात आधी भरण काम कसं करतं ते पाहू, मग झीज कशी वाचायची, त्यावरून फिलर कसा निवडायचा, आणि शेवटी मशीन व तपासणी.

कारवीचा कूड काय शिकवतो

मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या जुन्या घरांना कारवीच्या कुडाच्या भिंती असत. कारवीच्या काठ्या ओळीने बांधायच्या आणि वरून शेणमातीचा लेप द्यायचा. माती दाब सोसते, पण ओढलं की तडकते. काठी ओढ सोसते, पण तिच्या एकटीची भिंत होत नाही. दोघांची पकड बसली की भिंत उभी राहते. लेप सुटला की नुसत्या काठ्या उरतात.

काच घातलेल्या नायलॉनचं गणित हेच आहे. आपण वापरतो तो काचतंतू १० ते १३ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा. त्याची ताकद नायलॉनच्या कितीतरी पट असते. नायलॉन-६ ची ओढ सोसण्याची ताकद कोरड्या अवस्थेत साधारण ८० मेगापास्कल. वजनाने ३० टक्के काच घातली की ती १७० ते १८० पर्यंत जाते आणि ताठपणा तिपटीच्या आसपास होतो. भाराखाली नरम पडण्याचं तापमानही साधारण ६५ अंशांवरून २०० अंशांच्या घरात पोचतं.

यासाठी दोन अटी आहेत. पहिली पकड. काचेच्या अंगाला सिलेन नावाच्या रसायनाचा पातळ लेप असतो. त्याचं एक टोक काचेला आणि दुसरं पॉलिमरला धरतं. नायलॉनसाठीचा तंतू पॉलिप्रॉपिलीनमध्ये घातला तर पकड कच्ची राहते. पॉलिप्रॉपिलीन तर स्वभावानेच कुणाला धरत नाही. त्यात मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन एक ते तीन टक्के घालावं लागतं. दुसरी अट लांबी. तंतू फार आखूड झाला तर भार आला की तुटण्याआधीच तो पॉलिमरमधून उपसून निघतो, चिखलातून खुंटी निघावी तसा. ही हद्द साधारण पाव ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पडते. दाण्यात घालताना तीन-चार मिलिमीटरचा असलेला तंतू मोल्डिंग होऊन बाहेर येताना नेमका या हद्दीएवढाच उरलेला असतो. म्हणजे आपण कायम काठावर चालत असतो. मशीनवर थोडा निष्काळजीपणा झाला की काच नुसती पूड होऊन बसते.

खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, बहुतेक वेळा आमटीत पाणी वाढवावं तशी घातली जाते. तिने भाव उतरतो, ताठपणा थोडा वाढतो. ओढीची ताकद वाढत नाही. टाल्कचे कण चपटे असल्यामुळे पॉलिप्रॉपिलीनला ताठपणा आणि मापाची स्थिरता चांगली मिळते. गाड्यांच्या डॅशबोर्डमध्ये तो उगाच जात नाही. पण झीज कमी करण्यासाठी टाल्क घालणं व्यर्थ आहे.

भरणाने पदार्थाचं नशीब कसं पालटतं याचं सर्वांच्या डोळ्यांसमोरचं उदाहरण म्हणजे टायर. सुरुवातीचे टायर काळे नव्हते, फिकट रंगाचे होते. १९०४ मध्ये इंग्लंडमधल्या सिल्व्हरटाउन इथल्या कारखान्यात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, रबराला मजबुती देते हे ध्यानात आलं आणि पुढे टायर काळा झाला तो झालाच. त्याचं उलट उदाहरण भाताच्या गिरणीत सापडतं. भात सडणारे रबरी रोल अनेकदा पांढरट किंवा तपकिरी असतात, कारण काजळीने तांदळाला डाग पडतो. तिथे काजळीचं काम सिलिकाची बारीक पूड करते. आंबेमोहराच्या मुलखात फिलर निवडताना रंगही विचारात घ्यावा लागतो, तो असा.

आधी झिजलेला भाग वाचा

फिलरची यादी उघडण्याआधी झिजलेला भाग भिंगाखाली धरा. चार-पाच खुणा पुरतात.

पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत आणि भोवती बारीक भुकटी असेल तर ती घसरणीची साधी झीज. इथे योग्य फिलर खरोखर चमत्कार करतो.

फिरण्याच्या दिशेने खोल ओरखडे आणि अंगात रुतलेली वाळू दिसली तर ती खरवड. इथे उपाय वेगळा.

कडा वितळल्यासारख्या, पदार्थ एका बाजूला सरकलेला असेल तर उष्णता जिरत नाही.

खड्डे, पापुद्रे किंवा दाताच्या मुळाशी तडे असतील, जसे गिअरमध्ये, तर तो थकवा. वारंवार भार येऊन पदार्थ आतून तुटतो आहे.

भोक एकाच बाजूला लंबगोल झालं असेल तर शाफ्टची रेषा चुकली आहे. याला जगातला कोणताही फिलर उपयोगी नाही. आधी फिटर बोलवा.

फिलरच्या आधी साधा हिशोब

बुशावरचा दाब आणि घसरण्याचा वेग यांचा गुणाकार काढा. समजा भोक २० मिलिमीटर, लांबी २० मिलिमीटर, भार ४०० न्यूटन, म्हणजे साधारण ४० किलोचा. दाब म्हणजे भार भागिले भोक गुणिले लांबी: ४०० भागिले ४००, म्हणजे १ मेगापास्कल. शाफ्ट मिनिटाला १०० फेरे घेत असेल तर वेग सेकंदाला सुमारे ०.१ मीटर. गुणाकार आला ०.१. तेलाशिवाय चालणाऱ्या साध्या नायलॉनसाठी हा आकडा मर्यादेच्या जवळ आहे. आता बुशाची लांबी ३० मिलिमीटर करा. दाब दोन-तृतीयांशावर आणि गुणाकार ०.०७ च्या खाली येतो. दहा मिलिमीटर जास्तीच्या नायलॉनने जे काम होतं त्यासाठी महागडं कंपाउंड मागवायची गरज नाही. जागाच नसेल तर मात्र पुढे वाचा.

कोणत्या झिजेला कोणतं भरण

घसरणीची झीज असेल तर प्रश्न दोन: भाग आपटतो किंवा वाकतो का, आणि समोरचा शाफ्ट किती कठीण आहे?

ताकद पुरेशी असून फक्त घर्षण कमी करायचं असेल तर टेफ्लॉनची पूड, म्हणजे पीटीएफई, हा पहिला उमेदवार. नायलॉन किंवा ॲसिटलमध्ये ती साधारण १५ ते २० टक्के घालतात. चालू झाल्यावर ती शाफ्टवर अतिशय पातळ थर चढवते आणि मग प्लॅस्टिक प्लॅस्टिकवर घसरतं. हा थर मळ समजून पॉलिश पेपरने घासून काढणारे कारागीर असतात, त्यांना आवरा. गंमत अशी की खुद्द टेफ्लॉन, ज्याचा शोध रॉय प्लंकेटला १९३८ मध्ये अपघाताने लागला, घर्षणाला उत्तम पण झिजेला अगदी कच्चं. त्यात १५ ते २५ टक्के काच, २५ टक्के कार्बन किंवा ४० ते ६० टक्के ब्रॉन्झची पूड घातली की झीज शेकडो पटींनी उतरते. इथे फिलर टेफ्लॉनला जागेवर धरून ठेवतो.

ताकदही हवी असेल तर काच, कार्बन किंवा ॲरामिड यांतला तंतू. काच सगळ्यांत स्वस्त, पण ती शाफ्ट खाते. ॲल्युमिनियम, ब्रास किंवा साध्या मऊ पोलादावर काचेचा बुश चालवू नका. शाफ्ट पाणी दिलेला, रॉकवेल सी मापाने ५० च्या आसपास कठीण, आणि पृष्ठभाग ०.२ ते ०.४ मायक्रॉन खडबडीतपणाचा असू द्या. कार्बन तंतू महाग, पण उष्णता वाहून नेतो आणि घर्षणही कमी ठेवतो. ॲरामिड, म्हणजे केव्हलारच्या जातीचा तंतू, समोरच्या धातूशी सर्वांत सौम्य वागतो. शाफ्ट मऊ आहे आणि बदलता येत नाही, तेव्हा त्याचा विचार करा.

ग्रॅफाइट आणि मोली, म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड, यांत बरेच जण फरक करत नाहीत, कारण दोन्ही काळे आणि दोन्ही घसरडे. पण ग्रॅफाइटला घसरायला हवेतली ओल लागते; मोलीचं काम ओलीने बिघडतं. पाण्यातल्या किंवा दमट जागेतल्या भागाला ग्रॅफाइट, कोरड्या जागेला मोली. मुळशीत जून ते सप्टेंबर उघड्यावर चालणाऱ्या यंत्राला कोणतं, हे वेगळं सांगायला नको.

आता खरवड. भातखाचरात चिखलणी करणाऱ्या यंत्राचा किंवा खडी-वाळू वाहणाऱ्या पट्ट्याचा भाग असेल तर तीस टक्के काच हा बहुधा चुकीचा सल्ला आहे. वाळूचा कण अंगावरून ओढला जाताना चिवट पदार्थ दबतो, ताणला जातो आणि परत येतो. ठिसूळ पदार्थाचा टवका उडतो. काचेने नायलॉन ताठ होतो, पण तुटण्याआधी ताणला जाण्याची त्याची क्षमता फार घटते. शिवाय वाळू आखूड तंतूच उपसून काढते आणि ते तंतू मधे अडकून आणखी खरवडतात. अशा जागी काहीही न घातलेलं यूएचएमडब्ल्यू पॉलिइथिलीन, चिवट पॉलियुरेथेन किंवा साधा कास्ट नायलॉन बरा. त्याहून बरं म्हणजे सील बसवून वाळू आत येऊच न देणं.

उष्णतेने वितळलेल्या भागाला कार्बन तंतू, ग्रॅफाइट किंवा ब्रॉन्झसारखं उष्णता वाहणारं भरण, आणि बुशाची भिंत पातळ. थकव्याने तुटणाऱ्या गिअरला तंतू मदत करतो, पण दाताच्या मुळाशी गोलाई नसेल तर तो हरतो. आतल्या कोपऱ्याची त्रिज्या निदान भिंतीच्या जाडीच्या निम्मी ठेवा.

मुळशीचा पाऊस दाण्यात शिरतो

ताम्हिणी घाटाच्या अंगाने येणारा पाऊस आपल्या शेडचं वेळापत्रक ठरवतोच, नायलॉनचंही ठरवतो. नायलॉन-६ पाण्यात बुडवून ठेवलं तर शेवटी वजनाच्या नऊ-दहा टक्के पाणी पितं. उघडी पडलेली पिशवी, भिंतीला टेकलेली गोणी, झाकण नसलेला हॉपर, यांतून ओल आत जाते. ओला दाणा बॅरलमध्ये तापला की पाणी नायलॉनच्या साखळ्या तोडतं. भागावर चंदेरी रेघा उमटतात. कधी रेघाही दिसत नाहीत, पण भाग मात्र कच्चा निघतो आणि आतली काच तो वाचवू शकत नाही.

दाणे ८० अंशांवर निदान चार तास वाळवा आणि ओल ०.२ टक्क्याच्या खाली आणा. साधा गरम हवेचा ड्रायर इथल्या पावसाळ्यात फसवतो, कारण तो बाहेरची दमट हवाच तापवून आत सोडतो. कोरडी हवा देणारा डीह्युमिडिफायिंग ड्रायर नायलॉनच्या कामाला चैन समजू नका. घाईने तापमान वाढवलं तर दाणे पिवळे पडतात.

भाग तयार झाल्यावर गोष्ट उलटी होते. अगदी कोरडा नायलॉन ठिसूळ असतो. थोडी ओल घेतली की चिवट होतो, पण ताकद उतरते. काच घातलेल्या ग्रेडचे १८० मेगापास्कल ओल घेतल्यावर ११० च्या आसपास येतात. कंपाउंडच्या माहितीपत्रकात दोन रकाने असतात, एक कोरड्या अवस्थेचा आणि एक ओल घेतलेल्या. पहिला रकाना ठसठशीत दिसतो. आपल्या भागाचं माप दुसऱ्यावरून ठरवा.

ओलीने नायलॉन फुगतो. हाउसिंगमध्ये घट्ट बसवलेल्या बुशाला बाहेर जायला वाव नसतो, मग भोकच लहान होतं. मे महिन्यात मोकळा फिरणारा शाफ्ट जुलैत आवळला जातो तो यामुळे. काच घातली की फुगणं बरंच कमी होतं, हा काचेचा न बोलला जाणारा फायदा. तरीही शाफ्ट आणि बुश यांच्यात मोकळीक ठेवताना पावसाळ्याचं माप धरा. माप अगदी काटेकोर हवं असेल तर ॲसिटल निवडा. त्याची पाण्याची भूक नायलॉनच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे.

मशीनवर तंतू वाचवा

स्क्रूचा वेग आणि बॅक प्रेशर गरजेपुरतंच ठेवा. दोन्ही वाढले की तंतू चुरडतात. गेट फार अरुंद ठेवू नका. रनरचा चुरा पुन्हा वापरायचा तर २० ते २५ टक्क्यांच्या आत, आणि तोही वाळवून. प्रत्येक फेरीत तंतू आखूड होतो. नुसत्या चुऱ्यातून काढलेला भाग कागदावर "तीस टक्के ग्लास"च असतो, पण त्यातली काच पूड झालेली असते.

तंतू पदार्थाच्या ओघाच्या दिशेने झोपतात. त्या दिशेला भाग बळकट आणि आकसतो कमी, आडव्या दिशेला उलट. म्हणून सपाट भाग वाकडे होतात. दोन ओघ जिथे भेटतात त्या वेल्ड लाइनवर तंतू एकमेकांत गुंफत नाहीत आणि तिथली ताकद जवळपास निम्मी होऊ शकते. मोल्ड करणाऱ्याला गेटची जागा ठरवताना एकच प्रश्न विचारा: भार जिथे येणार, तिथे वेल्ड लाइन पडते का?

काचेचं काम नियमित असेल तर स्क्रू-बॅरल बायमेटॅलिक घ्या, नाहीतर शाफ्टच्या आधी मशीनच झिजेल.

घरच्या घरी तपासणी

कंपाउंडमध्ये सांगितलेली काच आहे का, हे पाहायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. कोरडा ५ ग्रॅम नमुना मफल फर्नेसमध्ये ६०० अंशांच्या सुमारास पूर्ण जाळा आणि उरलेलं वजन करा. १.५ ग्रॅम उरले तर भरण ३० टक्के. पण एवढ्यावर थांबू नका. राख सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. सळया दिसल्या तर काचतंतू. चपटे किंवा गोल कण दिसले तर खनिजाची पूड काचेच्या भावाने आली आहे. सळया किती आखूड झाल्या तेही तिथेच कळतं. दाण्याची आणि तयार भागाची राख शेजारी ठेवली की मशीनने किती तंतू मोडले याचा पुरावा मिळतो. कार्बन मात्र या चाचणीत जळून जाऊ शकतो.

झीज मोजायची तर जुना आणि नवा बुश त्याच शाफ्टवर, त्याच भाराने, तेवढेच तास चालवा. आधी आणि नंतर वजन करा, पण दोन्ही वेळा सारखं वाळवून. ५० ग्रॅमच्या बुशाने एक टक्का ओल घेतली तर अर्धा ग्रॅम वाढतो आणि सगळी झीज त्याखाली लपते. घटलेल्या वजनाला घनतेने भागून घनफळ काढा, कारण भरलेला पदार्थ जड असतो. आणि शाफ्टचंही माप घ्या.

गिऱ्हाइकाला प्रमाणपत्र हवं असेल तर ओढीच्या ताकदीसाठी आयएसओ ५२७, घसरणीच्या झिजेसाठी एएसटीएम जी ९९ ही पिन-ऑन-डिस्क चाचणी आणि रबरासाठी आयएसओ ४६४९ मागा. छत्रपती संभाजीनगरच्या सिपेट केंद्रासारख्या संस्था प्लॅस्टिकच्या चाचण्या करतात.

भाव किलोचा, भाग घनफळाचा

साध्या नायलॉनची घनता १.१४, तीस टक्के काचेची १.३६. त्याच मोल्डमधून निघणारा १०० ग्रॅमचा भाग ११९ ग्रॅमचा होतो. किलोमागे स्वस्त वाटलेलं कंपाउंड भागामागे महाग पडू शकतं. दरपत्रक नेहमी भागामागे मांडा.

स्वस्ताईचा विचार निघालाच आहे तर आपल्या गिरणीमागच्या ढिगाकडे पाहा. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असतं, आणि तूस जाळलं की साधारण पाचवा हिस्सा राख उरते. तिच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिका. नीट जाळलेली ही राख रबरात काही प्रमाणात भरण म्हणून चालते. दळलेलं तूस पॉलिप्रॉपिलीनमध्येही घालता येतं: पूर्ण वाळवून, मॅलेइकची जोड देऊन आणि तापमान २०० अंशांच्या खाली ठेवून. त्याने ताठपणा मिळतो, झिजेसाठी ते नाही. तूस बेसुमार तापमानाला जाळलं तर सिलिकाचे स्फटिक होतात आणि ती धूळ फुप्फुसांना घातक ठरते. कोणतीही पूड हाताळताना नाकावर योग्य मास्क असू द्या आणि धूळ झाडण्याऐवजी ओढून घ्या.

एवढं सगळं लक्षात ठेवणं जड जात असेल तर शेडच्या भिंतीवर पाचच प्रश्न लिहून ठेवा: झीज कोणत्या जातीची? दाब गुणिले वेग किती? समोर कोणता धातू, किती कठीण? मधे पाणी किंवा वाळू येते का? आणि आपले दाणे कोरडे आहेत का? या पाचांची उत्तरं मिळाली की फिलरचं नाव बहुधा आपोआप पुढे येतं. यांतल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र टेबलावरच्या बुशात कधीच नसतं. पुढच्या वेळी गिऱ्हाईक झिजलेला बुश काढून ठेवेल तेव्हा त्याला चहा द्या आणि सांगा, "आता शाफ्टही घेऊन या."